एका बेटाचे चार धूर: आयलाच्या चार सिंगल माल्ट व्हिस्कींचे तुलनात्मक परीक्षण

धुरकट सिंगल माल्ट स्कॉचची चौकशी केली की विक्रेते आणि शौकीन दोघेही लगेच एक आकडा पुढे करतात. बार्लीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांत, धुरातून आलेली फिनॉल गटातील द्रव्ये दहा लाखांत किती भाग आहेत, हे सांगणारा हा ‘पीपीएम’ आकडा असतो आणि तो जितका मोठा तितकी व्हिस्की अधिक धुरकट, असे सरळ समीकरण बहुतेकांच्या मनात बसलेले असते. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील चार व्हिस्की शेजारीशेजारी ठेवून, लेबले झाकून आणि क्रम बदलून चाखल्या की हे समीकरण टिकत नाही. धूर किती आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे आणि तांब्याच्या भांड्यात व ओकच्या पिंपात त्याचे पुढे काय झाले, यावर पेल्यातला अनुभव ठरतो. या परीक्षणात चार बाटल्यांची तुलना आहेच, पण त्या तुलनेचा रोख मुख्यतः या एका मुद्द्यावर आहे.

निवडलेल्या बाटल्या म्हणजे कल ईला १२ वर्षे, लागावूलिन १६ वर्षे, लाफ्रॉइग १० वर्षे आणि आर्डबेग १० वर्षे. चारही त्या त्या डिस्टिलरीच्या नेहमीच्या उत्पादनातील आहेत. मर्यादित आवृत्त्या मुद्दाम टाळल्या, कारण बाजारातून संपलेल्या बाटलीची स्तुती वाचून वाचकाच्या हाती काही लागत नाही. आयला (इंग्रजीत Islay असे लिहितात, पण उच्चार खरोखरच असा आहे) हे इनर हेब्रिडीझ द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाचे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६२० चौरस किलोमीटर आणि वस्ती तीन हजारांच्या आसपास आहे. लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तिन्ही डिस्टिलऱ्या पोर्ट एलन गावाच्या पूर्वेला, दक्षिण किनाऱ्यावर, एकमेकींपासून साधारण एकेक मैलावर उभ्या आहेत. पहिली आणि तिसरी आपले स्थापनावर्ष १८१५ सांगतात, मधली १८१६. कल ईला १८४६ ची असून ती ईशान्येला, जुरा बेटासमोरच्या सामुद्रधुनीच्या काठी आहे. आयलाची प्रत्येक व्हिस्की धुरकट असते हाही एक रूढ समज आहे. बुनाहावनची १२ वर्षांची नेहमीची बाटली किंवा ब्रुकलॅडीची ‘क्लासिक लॅडी’ चाखली की तो दूर होतो, कारण त्या दोन्हींसाठी धूर न दिलेला माल्ट वापरतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ माल्ट केलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे तांब्याच्या भांड्यात, घाण्या-घाण्याने ऊर्ध्वपातित केलेली आणि स्कॉटलंडमध्येच ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षे मुरवलेली व्हिस्की. तिचे मद्यार्क-प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि पाण्याखेरीज तिच्यात फक्त साधा कॅरमेल रंग मिसळता येतो. लेबलवरचे वय बाटलीतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. या चौकटीत राहूनही उत्पादकाला किती मोकळीक उरते, ते पुढे दिसेल.

आता धुराकडे वळू. पीट म्हणजे पाणथळ जमिनीत, प्राणवायूच्या अभावी, हजारो वर्षे अर्धवट कुजून साचत गेलेला वनस्पतींचा थर. तो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. आयलावर झाडी विरळ असल्यामुळे तिथल्या पीटमध्ये लाकडाचा अंश थोडा आणि शेवाळ, हेदरची झुडपे यांचा भाग मोठा असतो. बार्ली भिजवून, मोड आणून भट्टीवर वाळवताना खाली पीट जाळला, की धुरातील फिनॉल, क्रेसॉल, गॉयाकॉल अशी द्रव्ये दाण्याच्या ओलसर टरफलाला चिकटतात. दाणा वाळत गेला की चिकटणे मंदावते, म्हणून धुरी सुरुवातीला द्यावी लागते. या द्रव्यांचे वास एकसारखे नाहीत. गॉयाकॉलला जळत्या लाकडाचा, काहीसा गोडसर वास आहे, तर क्रेसॉलला औषधी, जंतुनाशकाचा. ज्यांच्या लहानपणी घरात फिनाईल आणि कार्बोलिक साबण होते त्यांना लाफ्रॉइग हुंगताच दवाखाना आठवतो. हा निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे, कारण या द्रव्यांचे रासायनिक कुळ खरोखरच एक आहे.

पीपीएमचा आकडा माल्टवर मोजलेला असतो, व्हिस्कीवर नाही, ही गोष्ट जाहिरातीत सहसा सांगितली जात नाही. माल्ट दळणे, गरम पाण्यात भिजवणे, आंबवणे आणि दोनदा ऊर्ध्वपातन करणे या प्रवासात निम्म्याहून अधिक फिनॉल मागेच राहतात. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात भांड्यातून येणाऱ्या धारेचा आरंभीचा आणि शेवटचा भाग वेगळा काढून मधलाच भाग पिंपांसाठी ठेवतात. धुराची जड द्रव्ये धारेत उशिरा येतात, त्यामुळे मधला भाग कोठे थांबवायचा या एका निर्णयाने त्याच माल्टची व्हिस्की हलकी किंवा जड होऊ शकते. पुढे पिंपात वर्षे जातात तसा धूर आणखी मावळतो.

चाखण्याची पद्धतही सांगितली पाहिजे, कारण धुरकट व्हिस्कींची तुलना बिघडवणे फार सोपे असते. चारही व्हिस्की ट्यूलिपच्या आकाराच्या, तोंडाशी निमुळत्या ग्लासांत थोड्या थोड्या ओतून सुमारे पंधरा मिनिटे तशाच ठेवल्या. प्रथम पाणी न घालता, नंतर थेंबाथेंबाने पाणी घालून त्या चाखल्या आणि मधल्या वेळात तोंड साफ करण्यासाठी साधे पाणी व बिनमसाल्याचा पाव घेतला. क्रम सौम्याकडून उग्राकडे ठेवला आणि दुसऱ्या बैठकीत उलटा केला. उलट क्रम उपयोगी ठरला, कारण आर्डबेगनंतर आलेली कल ईला जवळजवळ बिनधुराची वाटते. एकाच क्रमाने चाखून लिहिलेल्या परीक्षणांत असा अन्याय पुष्कळदा झालेला असतो.

कल ईला आणि लागावूलिन ही जोडी आधी घ्यावी, कारण माझ्या मुद्द्याचा सर्वांत चांगला पुरावा तिच्यातच आहे. दोन्ही डिस्टिलऱ्या दियाजिओ या एकाच कंपनीच्या आहेत. दोघींचा माल्ट पोर्ट एलनच्या माल्टिंग कारखान्यातून, सारख्याच म्हणजे सुमारे ३५ पीपीएमच्या मागणीनुसार येतो आणि दोन्ही बाटल्यांचे मद्यार्क-प्रमाण ४३ टक्के आहे. आकड्यावर विसंबणाऱ्याने या दोन बाटल्यांतून एक निवडायची तर त्याला नाणेच उडवावे लागेल. प्रत्यक्षात झाकलेल्या ग्लासांतूनही या दोघींची गल्लत होणे कठीण आहे.

कल ईलाचा धूर स्वच्छ आणि कोरडा आहे. नाकाशी आधी लिंबाच्या सालीचा आणि हिरव्या सफरचंदाचा तजेला येतो. राख त्याच्या मागोमाग येते, पण अंगावर येत नाही. जिभेवर पोत किंचित तेलकट, गोडी मोजकी आणि शेवटी पांढऱ्या मिरीचा हलका तिखटपणा राहतो. हे हलकेपण योगायोगाने आलेले नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ही डिस्टिलरी जवळजवळ नव्याने बांधली गेली आणि तिथे सहा प्रचंड भांडी बसली, पण ती क्षमतेच्या साधारण निम्मीच भरतात. वर मोकळी जागा भरपूर असल्यामुळे वाफेचा तांब्याशी संपर्क वाढतो, जड वाफा थंड होऊन पुन्हा खाली उतरतात आणि पुढे जाते ते हलके, फळांच्या वासाचे द्रव्य. या डिस्टिलरीचा फार मोठा हिस्सा पिढ्यान्‌पिढ्या जॉनी वॉकरसारख्या मिश्र व्हिस्कींत जात आला आहे. १२ वर्षांची बाटली सिंगल माल्ट म्हणून नियमितपणे बाजारात आली ती २००२ मध्ये. ज्यांनी जॉनी वॉकर ब्लॅक लेबल वर्षानुवर्षे घेतली आहे त्यांना कल ईलाचा धूर नवखा वाटू नये, तो त्यांनी न ओळखता अनेकदा प्यायलेला असतो.

लागावूलिनची रीत याच्या उलट आहे. तिथली भांडी नासपतीच्या आकाराची, फुगीर असून बरीच वरपर्यंत भरतात. वाफ बाहेर नेणाऱ्या त्यांच्या नळ्या खाली उतरत्या आहेत आणि दुसरे ऊर्ध्वपातन अतिशय संथ चालते. तांब्याशी संपर्क कमी म्हणून द्रव्य जड, मांसल राहते. त्यानंतर १६ वर्षे पिंपांत जातात आणि या काळात धुराची धार बोथट होऊन तो बाकीच्या चवींत मुरतो. नाकाला येतो तो धुरावर वाळवलेला काळा चहा, मनुका, सुके अंजीर आणि थोडेसे जुन्या कातड्याचे अंग. तोंडात ती काकवीसारखी दाट सुरू होते, मध्येच खारट होते आणि गिळल्यानंतर बराच वेळ छातीत एक उबदार, कोरडा धूर रेंगाळत राहतो. चौघींत हिचा शेवट सर्वांत लांब आहे. १९८८ साली ‘क्लासिक माल्ट्स’ या सहा व्हिस्कींच्या मालिकेत आयलाची प्रतिनिधी म्हणून हिची निवड झाली आणि तेव्हापासून तिच्याभोवती जो भक्तिभाव जमला आहे, तो बव्हंशी योग्य आहे. बव्हंशी म्हणण्याचे कारण एवढेच की ४३ टक्क्यांवर आणि कृत्रिम रंगासह ती दिली जाते. हीच व्हिस्की ४६ टक्क्यांवर, थंड गाळणी (बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळणे, ज्यात काही तेलकट द्रव्ये निघून जातात) न करता मिळाली असती तर तिच्या मधल्या चवीत कधी कधी जाणवणारा पातळपणा उरला नसता. कॅरमेल रंग असल्याचे ब्रिटिश लेबलवर लिहिण्याची सक्ती नाही, पण जर्मनीत ते छापावे लागते आणि तिथली लेबले वाचली की या बाबतीत शंका राहत नाही.

लाफ्रॉइगकडे वळताना लागावूलिनचाच एक जुना उद्योग सांगावा लागतो. लागावूलिनचे मालक पीटर मॅकी यांच्या कंपनीकडे लाफ्रॉइगच्या विक्रीचे हक्क दीर्घ काळ होते. १९०७ मध्ये ते गेल्यावर मॅकींनी संतापून लाफ्रॉइगचे पाणी अडवले, पण न्यायालयाने ते पुन्हा सोडायला लावले. मग १९०८ मध्ये त्यांनी लागावूलिनच्याच आवारात ‘माल्ट मिल’ नावाची छोटी डिस्टिलरी उभारली आणि लाफ्रॉइगच्या भांड्यांची नक्कल करून तशीच व्हिस्की काढण्याचा प्रयत्न केला. ही डिस्टिलरी १९६२ पर्यंत चालली, परंतु तिच्यातून लाफ्रॉइग काही निघाली नाही. शेजारचे बेट नव्हे, शेजारचे गावही नव्हे, फक्त मैलभराचे अंतर, त्याच बेटावरचा पीट आणि तशीच भांडी असूनही नक्कल साधली नाही. कुंपणाच्या आत बसून प्रयत्न करणाऱ्याला जे कळू शकले नाही ते एका आकड्यातून ग्राहकाला कळावे अशी अपेक्षा करणेच गैर आहे.

लाफ्रॉइगची वैशिष्ट्ये आज बऱ्यापैकी माहीत आहेत. ती आपल्या माल्टचा सुमारे पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा कमी अजूनही स्वतःच्या फरशीवर बार्ली पसरून, हाताने उलथून तयार करते आणि त्यासाठी ग्लेनमाक्रीच्या दलदलीतला स्वतःचा पीट वापरते. तिथे धुरी आधी कमी तापमानावर देतात आणि वाळवणे नंतर होते, म्हणून धूर दाण्याला खोल लागतो. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात आरंभीचा भाग सुमारे पाऊण तास वेगळा काढला जातो, जो बहुतेक डिस्टिलऱ्यांच्या मानाने फार मोठा काळ आहे. या आरंभीच्या भागाबरोबर फळांच्या वासाची गोड द्रव्ये बरीचशी निघून जातात आणि उरलेल्यात औषधी फिनॉलांचे वजन वाढते. थोडक्यात, लाफ्रॉइगचा उग्र वास धूर जास्त घातल्याने जितका आला आहे तितकाच गोडवा काढून टाकल्याने आला आहे.

हा वास पहिल्यांदा घेणाऱ्याची प्रतिक्रिया मध्यम कधीच नसते. टिंक्चर आयोडीन, नवी मलमपट्टी, उन्हात सुकत पडलेले समुद्री शेवाळ आणि या सगळ्याखाली बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपांतून आलेली व्हॅनिलाची गोडी असा तो थाट आहे. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात ही व्हिस्की औषध म्हणून तिथे जात असे, आणि तिचा वास घेतल्यावर तिला औषध मानणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्यांना दोष देणे कठीण जाते. नाकाच्या कसोटीवर चौघींत मी लाफ्रॉइगला पहिले स्थान देतो. अडचण तोंडात येते. ब्रिटनमध्ये मिळणारी १० वर्षांची बाटली ४० टक्क्यांची, म्हणजे कायद्याने परवानगी असलेल्या किमान पातळीची आहे आणि नाकाने दिलेले वचन जीभ पुरे करू शकत नाही. सुरुवात जोरदार होते, मग चव पाणचट होत जाते आणि राख तेवढी शिल्लक राहते. काही देशांत हीच बाटली ४३ टक्क्यांची मिळते, ती दिसल्यास निःशंक तीच घ्यावी. १० वर्षांची ‘कास्क स्ट्रेंग्थ’ आवृत्ती (पिंपातल्या ताकदीची, पाणी घालून सौम्य न केलेली), जी गटागटाने साधारण ५७ ते ६० टक्क्यांच्या आसपास येते, ती मिळाली तर या डिस्टिलरीविषयी खरे मत बनवता येईल. त्या बाटलीला या परीक्षणात घेतले असते तर निकाल वेगळा लागला असता.

आर्डबेगचा आकडा चौघींत सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे ५५ पीपीएम आहे. ती सर्वांत धुरकट लागते का? लागते, पण ज्या रीतीने लागावी असे वाटते त्या रीतीने नाही. तिच्या दुसऱ्या ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला, नळीच्या वाटेवर, ‘प्युरिफायर’ नावाचे एक उपकरण जोडलेले असते. जड वाफा तिथे थंड होऊन पुन्हा भांड्यात परततात. परिणाम असा, की माल्टमध्ये धूर सर्वाधिक असूनही व्हिस्कीचे अंग नाजूक राहते आणि लिंबू, नासपती व व्हॅनिला यांना धुरातून वाट मिळते. ग्लास पहिल्यांदा हुंगला तेव्हा ओले डांबर आणि काजळी जाणवली, थोड्या वेळाने त्याच ग्लासातून लिंबाचे सरबत आल्यासारखे वाटले. तोंडात मिरी, मीठ, कडक कॉफी आणि पुन्हा लिंबू येते. ४६ टक्के मद्यार्क, रंग नाही आणि थंड गाळणी नाही. थंड गाळणी नसल्याचे बाटलीवर छापलेले असते आणि चवीत ते पुरेपूर जाणवते. ही डिस्टिलरी १९८१ ते १९८९ बंद होती, नंतर अडखळत चालून १९९६ मध्ये पुन्हा बंद पडली आणि १९९७ मध्ये ग्लेनमोरँजी या स्कॉच कंपनीने ती विकत घेतली. आजची १० वर्षांची बाटली या नव्या मालकीतच घडलेली आहे, आणि चार बाटल्यांत प्रामाणिकपणाची कसोटी लावली तर माझे मत हिला जाते.

तुलना करताना ‘समुद्राचा खारेपणा’ हा शब्दप्रयोग चारही व्हिस्कींबाबत सर्रास ऐकू येतो. खारट छटा मलाही लागते, विशेषतः लागावूलिन आणि आर्डबेगमध्ये. मात्र किनाऱ्यावरच्या गोदामातील पिंपांत समुद्राचा वारा शिरून ती येते, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. कल ईलाची बहुतेक नवी दारू टँकरने मुख्य भूमीवर नेऊन तिथल्या गोदामांत मुरवली जाते, तरी तिच्यातही लोकांना समुद्र लागतो. फिनॉलांची विशिष्ट जुळणी जिभेला खाऱ्यासारखी भासत असावी असा माझा कयास आहे. गोदामाच्या भिंतीवर आपटणाऱ्या लाटांचे छायाचित्र मात्र जाहिरातीला फार शोभते.

पाणी घालावे की नाही, यावर आपल्याकडे निष्कारण वाद होतात. स्वीडनमधील लिनेअस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवले, की मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर गॉयाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाच्या बाजूला जमतात. मद्यार्क ५९ टक्क्यांच्या वर असेल तर ते इथेनॉलच्या रेणूंनी वेढून आत खेचले जातात. प्रत्यक्षात आर्डबेगला पाण्याचे काही थेंब फारच मानवतात, कारण तिचा लिंबाचा भाग उघडतो आणि धूर गोड होतो. याउलट ४० टक्क्यांच्या लाफ्रॉइगला पाणी घालणे म्हणजे आधीच पातळ असलेले आणखी पातळ करणे. लागावूलिनला मी पाणी घालणार नाही. कल ईलाला थोडे चालते आणि उन्हाळ्यात तिच्यात साधा सोडा घातला तरी तिचे फारसे बिघडत नाही. इतर तिघींबाबत असे म्हणणार नाही.

बर्फाने वास बंद होतो आणि धुरकट व्हिस्कीत वास हाच अर्धा ऐवज असतो, म्हणून बर्फ टाळावा हे उत्तम. त्याहून मोठे नुकसान आपल्या परमिट रूमी सवयींतून होते. लिंबू पिळलेली शेव, मसाला शेंगदाणे, तिखट चकली असा चकणा समोर ठेवला की चारही बाटल्यांचा फरक एका घासात पुसला जातो. धुराबरोबर काही खायचेच असेल तर कमी मसाल्याचे, खारट किंवा चरबीयुक्त काहीतरी, जसे की भाजलेले काजू किंवा तव्यावर फक्त मीठ लावून भाजलेला मासा, हे अधिक जमते. आयलावर कच्च्या ऑयस्टरवर व्हिस्कीचे काही थेंब टाकून खाण्याची रीत आहे. कोकण-गोव्यात ताजी कालवे मिळणाऱ्यांनी ती करून पाहण्यास हरकत नाही, आणि तिथे बाटली कल ईलाचीच वापरावी.

किंमतीचा विचार भारतीय ग्राहकाला टाळता येत नाही. ब्रिटनमध्येही लागावूलिन बाकीच्या तिघींपेक्षा बरीच महाग आहे, आणि आपल्याकडे तिच्यावर आयातशुल्क व राज्याचे उत्पादनशुल्क चढल्यावर तो फरक आणखी बोचतो. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादनशुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारानुसार १५० टक्क्यांचे आयातशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर यायचे आहे. तोवर परदेशातून परतणारा नातेवाईक आणि त्याची दोन लिटरची सवलत हाच अनेक घरांचा पुरवठा-मार्ग राहील. (महाराष्ट्रात पंचविशीच्या आत असलेल्यांना ही चर्चा कायद्याने केवळ वाचनापुरती उपयोगी आहे, आणि पंचविशी ओलांडलेल्यांनाही कागदोपत्री परवाना लागतोच.) गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणाऱ्या पॉल जॉन व्हिस्कींपैकी काहींसाठी स्कॉटलंडहून पीट आणतात. आयलाच्या पातळीचा धूर पेलवेल का, याची चाचणी कमी खर्चात करायची असेल तर तो मार्ग खुला आहे. मात्र तिथल्या उकाड्यात पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडच्या मानाने किती तरी वेगाने उडून जाते आणि लाकूडही वेगाने उतरते. त्यामुळे तिथल्या धुराची संगत वेगळी, अधिक गोड आणि लाकडी असते. ती आयलाची पर्यायी बाटली मानू नये.

एकच बाटली घ्यायची असेल आणि धुराची ओळख नुकतीच होत असेल, तर कल ईला घ्यावी. धूर आवडतो हे आधीच ठाऊक असेल तर आर्डबेग, कारण किंमत, ताकद आणि स्वच्छ चव यांचा मेळ तिच्याइतका दुसऱ्या कोणत्याही बाटलीत नाही. लागावूलिन ही जेवणानंतरची, निवांत आणि एकट्याने किंवा दोघांनी प्यायची व्हिस्की आहे. चौघींत ती सर्वांत परिपूर्ण आहे, पण आर्डबेगपेक्षा तिच्यावर जितके अधिक पैसे मोजावे लागतात तितकी ती सरस आहे असे म्हणवत नाही. लाफ्रॉइगची ४० टक्क्यांची बाटली घेण्याआधी एखाद्या बारमध्ये तिचा एक पेग घेऊन पाहावा. तो वास एकदा मनात बसला तर कास्क स्ट्रेंग्थसाठी पैसे साठवावेत, आणि नाही बसला तर बाटलीचे पैसे वाचले.

बाटली घरी आल्यावर उभीच ठेवावी. वाइनप्रमाणे आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्काने बूच खराब होते आणि त्याचा वास व्हिस्कीत उतरतो. आपल्या उन्हाळ्यात ती खिडकीपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब, अंधाऱ्या कपाटात असावी. एकदा निम्म्याच्या खाली गेली की आत शिरलेल्या हवेने काही महिन्यांत तिची धार उतरू लागते, आणि हा उतार धुरकट व्हिस्कींत लवकर लक्षात येतो. म्हणून चारही बाटल्या एकदम उघडायच्या असतील तर चौघे-पाचजण मिळून उघडाव्यात, आणि उरलेली व्हिस्की गळ्यापर्यंत भरता येईल अशा लहान काचेच्या बाटल्यांत ओतून ठेवावी.